गायमुखच्या चढावर, ५ वाजून ५२ मिनिटांनी

वैशाखातल्या एका शनिवारी संध्याकाळी ५ वाजून ५२ मिनिटांनी एका ओम्नीचं इंजिन घोडबंदर रस्त्यावर, गायमुखच्या चढावर कायमचं जाम होणार आहे. या गाडीचे मालक, आत बसलेली माणसं आणि घड्याळातल्या वेळा मी रचल्या आहेत. इंजिनाच्या पोटात जे घडतं ते मात्र रचलेलं नाही. जुन्या व्हॅनमध्ये पाणी गळायला लागल्यावर ते साधारण याच क्रमानं घडत जातं, आणि दर टप्प्यावर गाडी काहीतरी सांगत असते.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. वसईच्या पश्चिम पट्ट्यात या गाडीनं फुलं वाहिली, भाजी वाहिली, मंडपाच्या खुर्च्या वाहिल्या आणि वऱ्हाडंही. आपल्या गाडीची पाटी एमएच-०४ आहे, म्हणजे वसईला स्वतःचा ४८ क्रमांक मिळण्याआधीची, ठाण्याची पासिंग. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली. सीट उचलल्याशिवाय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याकडे कुणी रोज बघत नाही.

सात महिने आधी, दिवाळीच्या तोंडावर

रेडिएटरचा रबरी पाईप फाटतो. नाक्यावरचा फिटर अर्ध्या तासात नवा बसवतो, क्लिप आवळतो आणि शेजारच्या नळाला पाईप लावून पाणी भरतो. "कूलंट नंतर टाकून घ्या, मालक." मालक मान डोलावतात. ते 'नंतर' काही येत नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न गॅरेजात नेहमी ऐकू येतो. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कमी नाही, उलट सरसच आहे. पण कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी रसायनं असतात, आणि आपल्या हवेत खरी गरज त्यांची. ओम्नीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरचा धातू आणखी वेगळा. एकाच पाण्यात दोन-तीन धातू बुडवून ठेवले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. पाण्यात क्षार असतील तर हे काम झपाट्यानं होतं.

आणि पाणी कुठलं? वसई-विरारला सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांतून पाणी येतं, ते पुरत नाही, म्हणून टँकर आणि बोअर. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी पुष्कळदा मचूळ. चहाला जे पाणी आपण वापरणार नाही ते रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओततो. बाहेरून खारी हवा आणि दर पावसाळ्यात रस्त्यावर साचणारं पाणी गाडीखालचे लोखंडी पाईप खातच असतात. आता आतूनही सुरुवात झाली.

सहा आठवडे आधी

टाकीतली पातळी खालच्या रेघेखाली जाते. मालक बाटलीभर पाणी ओततात. चार दिवसांनी पुन्हा बाटलीभर. घरात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जुनी गाडी आहे, थोडं पाणी पिते."

गाडी पाणी पीत नाही. इंजिन थंड ठेवणारी ही व्यवस्था बंद असते. तेच पाणी फिरत राहायला हवं. वर्षभरात पातळी जरा उतरली तर समजण्यासारखं आहे. आठवड्याला बाटली लागत असेल तर पाणी कुठूनतरी जातंय, बाहेर नाहीतर आत.

या गाडीत ते वॉटर बॉडीतून, म्हणजे पाण्याच्या पंपातून जातंय. गंजाचे बारीक कण पंपाच्या सीलवर घासून घासून ती झिजली. सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये पंपाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील गळू लागली की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, एवढ्यासाठीच. जमिनीवर डबकं दिसत नाही, कारण थेंब गरम इंजिनावर पडून तिथेच वाळतो. मागे राहतो तो पांढरट-तांबूस ओघळ. सीट उचलून टॉर्च मारला असता तर तो दिसला असता.

आदल्या रात्री, ९.१५

उद्या ठाण्याला लग्न आहे. पुतण्या सीट उचलतो आणि त्याला ओघळ दिसतो. पोरगं हुशार, भोक शोधून काढतं. मग दोघं मिळून जे करतात ते वाचून कुठलाही फिटर कपाळाला हात लावेल: त्या भोकात एम-सील भरतात. थेंब थांबतो. वर खबरदारी म्हणून रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद.

हळदीचा हा उपाय खोटा नाही. रेडिएटरच्या नळीला टाचणीएवढं छिद्र असेल तर पूड तिथे अडकते, फुगते आणि गळती काही तास थांबते. रानात अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरला घरी पोचवायला एवढं पुरतं. पण पूड फक्त छिद्रातच बसेल असं तिला कोण सांगणार? रेडिएटरच्या नळ्या मुळात अरुंद, त्यात सात महिन्यांचा गंज आणि क्षार. हळद त्यांच्यावर थर धरते. बाटलीतून मिळणाऱ्या 'लीक स्टॉप' औषधांचाही हाच दोष.

एम-सीलचा उपद्व्याप त्याहून वाईट. बाहेरची वाट बंद झाल्यावर पाणी बेअरिंगकडे वळलं. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघायला फार वेळ लागत नाही.

दुपारी १.५०

वसईतल्या निर्मळहून गाडी निघते. आत सात माणसं, आहेराच्या पिशव्या आणि मोगऱ्याच्या वेण्यांची टोपली. निघताना मालकांनी बोअरच्या पाण्यानं पातळी गळ्यापर्यंत भरली आहे. रेडिएटरच्या टोपणाचा रबर कडक होऊन चिरलाय, तो कुणी पाहत नाही.

हे टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. ते साधारण ०.९ बार दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिनातला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उघडतो तोच मुळी ८० अंशांच्या पुढे, त्यामुळे हे वरचे १८ अंश म्हणजेच इंजिनाचा सगळा श्वास. चिरलेल्या रबरानं तो बराचसा काढून घेतला आहे. ओम्नीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या अख्ख्या व्यवस्थेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच असावा.

दुपारी २.३५

गोखिवरेमार्गे गाडी वसई फाट्याला लागते. आसपास सातिवली-वालीवच्या पट्ट्यात गॅरेजं, लेथ, वेल्डिंगची दुकानं, रेडिएटरवाले. या माणसांना अजून तीन तास सतरा मिनिटं आहेत आणि उपाय रस्त्याच्या कडेला उभा आहे. तापमानाचा काटा मध्यावर आहे, म्हणून कुणी थांबत नाही.

थांबले असते तर बऱ्यापैकी फिटरनं काय केलं असतं? इंजिन गार होऊ दिलं असतं. मग टोपणाच्या जागी हातपंप लावून टोपणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरली असती, आणि दहा-पंधरा मिनिटं हातपंपाच्या काट्याकडे बघत बसला असता. काटा उतरला म्हणजे गळती आहे. इंजिन बंद असल्यामुळे थेंब वाळत नाही, जिथून येतो तिथे दिसतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्यानं पाईपांची टोकं पाहिली असती, क्लिपांखालची जागा, रेडिएटरची शिवण, गाडीखालून जाणाऱ्या लोखंडी पाईपांचे गंजलेले सांधे, ब्लॉकच्या डमी म्हणजे बुचं, आणि अर्थात वॉटर बॉडी. पंपाची पुली हातात धरून हलवली असती. ती डुगडुगली तर बेअरिंग संपलं. टोपणही त्याच हातपंपावर वेगळं तपासता येतं.

बाहेर कुठेच ओल नाही आणि दाब मात्र उतरतोय, तर पाणी आत जातंय. तेव्हा ऑईलची पट्टी काढून बघायची: ऑईल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केट गेलं. सकाळी गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ थांबत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात, तीनपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, या सगळ्या त्याच दुखण्याच्या खुणा. हातपंप नसलेला गाडीमालकही निम्मी तपासणी घरी करू शकतो. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कोणत्या रंगाचा आहे, ते बघावं. एसीचं पाणी रंगहीन असतं, ऑईलचा डाग काळा आणि चिकट, कूलंटला रंग आणि गोडसर वास. आपल्या गाडीत कूलंटच नाही, त्यामुळे रंगाची ती खूणही गेली. मोरीच्या पाण्याचा डाग आणि रेडिएटरच्या पाण्याचा डाग सारखेच दिसतात.

दुपारी ३.२०

चिंचोटी ओलांडून मालजीपाड्याच्या अलीकडे वाहतूक तुंबते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या या तुकड्यावर हे नवं नाही. वर्सोवा पुलाकडे जाणारे कंटेनर आणि ट्रेलर एकमेकांना लागून उभे. गाडी दोन मीटर सरकते, थांबते.

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी चाकांपर्यंत पोचते ती तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी. जवळजवळ तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेल्या वाट्यातली बरीचशी पाण्याला बाहेर न्यावी लागते. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला मदत करतो. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर, आणि पंखा जी हवा ओढतो ती पुढच्या ट्रेलरच्या धुराची, वैशाखातल्या डांबराची. हळदीनं निम्म्या नळ्या अडवल्यात. टोपण पुरेसा दाब धरत नाही. पंपाच्या बेअरिंगमधून किर्र आवाज येऊ लागलाय, पण शेजारच्या ट्रकच्या आवाजात तो विरतो.

दुपारी ४.३०

काटा लाल रेघेला टेकतो. मालक गाडी कडेला घेतात. इथवर बरोबर. सीटखालून वाफ येतेय, बायका-पोरं खाली उतरतात. गोरज मुहूर्त ६ वाजून ४० मिनिटांचा आहे.

"काका, अर्धा तास थांबू या ना."

"अर्धा तास थांबलो तर अक्षता पडलेल्याच बघायला मिळतील."

मालक हाताला रुमाल गुंडाळतात आणि टोपण फिरवतात.

चिरलेला रबरही थोडा दाब धरून होता. आतलं पाणी शंभरीच्या वर गेलेलं. झाकण उघडताच दाब गेला आणि त्या पाण्याची क्षणात वाफ झाली. वाफेनं उरलेलं उकळतं पाणी वर फेकलं. रुमाल ओला झाला, म्हणजे भाजणं आणखी वाढलं. कोपरापर्यंत हात लाल. इथे एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: वरचा जाड पाईप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत टोपणाला हात लावायचा नाही. भर उन्हात याला तासभरही लागतो. भाजलंच तर हात निदान वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा. वऱ्हाडाच्या गाडीत वाहतं पाणी कुठून असणार. कुणीतरी टूथपेस्ट लावली. तीही चूकच.

दुपारी ४.४५

पुतण्या टपरीवरून फ्रीजमधल्या गार पाण्याच्या बाटल्या आणतो आणि तापलेल्या इंजिनात एकामागून एक रिकाम्या करतो. लालबुंद तव्यावर गार पाणी मारल्यावर तवा तडकतो, तसंच हेडचं होऊ शकतं. शिवाय ओतलेलं पाणी सगळीकडे पोचतच नाही. ओम्नीत रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, मध्ये लांब पाईप. हवेचा फुगा अडकायला जागाच जागा. वर पाणी दिसतं, आत पोकळी राहते.

संध्याकाळी ५.१५

गाडी सुरू होते. काटा मध्याच्या जरा वर. पूल ओलांडून, फाउंटन हॉटेलजवळचं वळण घेऊन ती घोडबंदर रस्त्याला लागते. वारा लागतो, सगळ्यांना बरं वाटतं. मागे कुणीतरी वेण्या वाटायला घेतो.

संध्याकाळी ५.३८

काजूपाड्याच्या पुढे चढ सुरू होतो. सात माणसं, दुसरा गिअर, पुढे रेतीचा डंपर. पंपाचं बेअरिंग आता मोकळं झालंय, दांडा हलतोय आणि त्याच्याबरोबर सीलही. एम-सीलचा तुकडा उडतो. पाणी आता थेंबानं नाही, धारेनं जातं.

संध्याकाळी ५.४४

काटा खाली येतो.

"बघ, चढावरसुद्धा गार राहिली," मालक म्हणतात, भाजलेला हात मांडीवर ठेवून.

अख्ख्या घटनाक्रमात मला सगळ्यात क्रूर वाटतो तो हा क्षण. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. तो मोजतो ते त्याला लागून असलेल्या पाण्याचं तापमान, धातूचं नव्हे. पाणीच उरलं नाही की सेन्सर हवेत उघडा पडतो, आणि हवेला धातूची उष्णता पाण्यासारखी वाहून आणता येत नाही. काटा उतरतो. इंजिन भयंकर तापलेलं असताना काचेमागे सगळं छान दिसतं. गरम होऊन गेलेल्या गाडीचा काटा काही कारण नसताना, चढावर, झपकन उतरला, तर त्याचा अर्थ एकच: किल्ली फिरवा, इंजिन बंद करा, जिथे असाल तिथे.

संध्याकाळी ५.४९

ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढत नाही. सीटखालून टकटक: सिलिंडर इतकं तापलंय की प्लगनं ठिणगी टाकण्याआधीच पेट्रोल पेटतंय. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेडला पसरायचंय, बोल्ट त्याला पसरू देत नाहीत, म्हणून ते वाकतं. सुझुकीच्या इंजिनात हेडचा पृष्ठभाग ०.०५ मिलिमीटरहून जास्त वाकलेला चालत नाही; माणसाच्या केसाची जाडीसुद्धा साधारण त्याहून जास्त भरते. गॅस्केट सुटतं. ऑईल पातळ होऊन पिस्टनच्या कडेवरून निघून जातं. पिस्टनही ॲल्युमिनियमचेच, ते सिलिंडरमध्ये फुगतात आणि भिंतीला घासू लागतात.

संध्याकाळी ५.५२

एक कर्कश आवाज आणि इंजिन थांबतं. किल्ली मारली की स्टार्टर नुसता 'टक्' करतो. हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड. मागे डंपर, त्यामागे टँकर, त्यामागे बस. गायमुखच्या अरुंद चढावर एक बंद गाडी म्हणजे मागे किती लांब रांग लागते, ते या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. रुग्णवाहिकाही त्याच रांगेत असते. वऱ्हाड दोन रिक्षा करून निघतं. अक्षता पडून गेलेल्या असतात.

त्यानंतर

हेड उतरवल्यावर सगळं दिसलं. पट्टी आडवी धरून खालून फीलर गेज घातला तर हेड मधोमध वाकलेलं, दोन सिलिंडरांच्या मधलं गॅस्केट जळालेलं, एका पिस्टनच्या कडेला ओरखडे. हेड एकटंच वाकलं असतं तर लेथवर फेस मारून काम भागलं असतं. ओरखडलेल्या सिलिंडरला बोअरिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा लागतात; नाहीतर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरं जुनं इंजिन. एवढा खर्च या वयाच्या ओम्नीच्या किमतीच्या जवळ जातो. मालकांनी गाडी भंगारात दिली.

दिवाळीनंतरच्या कुठल्याही रविवारी दुरुस्ती फार मोठी नव्हती. नवी वॉटर बॉडी आणि तिचं गॅस्केट, नवं टोपण, फुगलेले किंवा कडक झालेले सगळे रबरी पाईप, गंजलेला लोखंडी पाईप, जमलं तर नवा थर्मोस्टॅट. काही फिटर तो काढूनच टाकतात, "आपल्याकडे कशाला लागतो" म्हणत. त्यांचं ऐकू नये, त्यानं इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. मग साफ पाणी बाहेर येईपर्यंत आतलं धुऊन काढायचं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा मुळातच मिसळून मिळणारं. दोन जातींची कूलंटं एकत्र करायची नाहीत. गाडीचं तोंड चढावर ठेवून, टोपण उघडं ठेवून, इंजिन हळू चालू ठेवायचं, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

तुमच्या दारात ओम्नी असेल, ईको असेल किंवा जुनी क्वालिस, तर उद्या सकाळी इंजिन गार असताना सीट किंवा बॉनेट उचला, टोपण काढा, त्याच्या रबरावर नख फिरवून बघा आणि पाण्याचा रंग बघा. तांबडं पाणी दिसलं, किंवा या महिन्यात दुसऱ्यांदा भर घालावी लागत असेल, तर लग्नाच्या आधी गॅरेजात जा.